ऋतुपंगत : ठाण्यातील महिलांच्या सहभोजनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाडा, पाचपाखाडी आणि चरई या भागांत राहणाऱ्या आम्ही वीस-पंचवीस महिला दर ऋतूत एकदा एकत्र जमतो. प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा आणि सर्वांनी मिळून जेवायचे, एवढाच हा उपक्रम आहे. नव्याने येणाऱ्या मैत्रिणी बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात आणि उत्तरे देणारी व्यक्ती बदलली की उत्तरही थोडे बदलते. म्हणून ती एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

ऋतुपंगत म्हणजे नेमके काय?

ऋतू बदलला की सर्वांत आधी मंडई बदलते. जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्यांकडे कैरी दिसू लागली की वसंत आला, आणि स्टेशनजवळ पानांवर शेवळे या रानभाजीच्या जुड्या मांडलेल्या दिसल्या की पाऊस फार दूर नाही, हे दिनदर्शिका न पाहताही कळते. त्या आठवड्यात जे पिकले, उगवले किंवा झाडावरून उतरले, ते आपापल्या घरच्या पद्धतीने शिजवून एकमेकींना खाऊ घालणे म्हणजे ऋतुपंगत. पदार्थ साधा असला तरी चालतो, मात्र तो त्या ऋतूचा असावा लागतो. पनीर बारा महिने मिळते, त्यामुळे ते कितीही चविष्ट केले तरी या पंगतीत त्याला जागा नाही. या नियमावर अधूनमधून कुरकुर होते, पण तो गेला तर आमच्या जेवणात आणि कोणत्याही वाढदिवसाच्या जेवणात फरक उरणार नाही.

याला सरळ ‘पॉटलक’ का म्हणत नाही?

म्हणतोही. निरोपांमध्ये बहुतेक जणी पॉटलकच लिहितात आणि त्याला कोणाची हरकत नाही. पंगत हा शब्द ठेवला तो आपल्याकडे या कल्पनेची जुनी नातेवाईक मंडळी आहेत म्हणून. शाळेत किंवा कचेरीत आपापले डबे उघडून, शेजारणीच्या डब्यातले चाखत केलेली अंगतपंगत सर्वांना ठाऊक आहे. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून केले जाणारे आवळीभोजन हाही ऋतूशी बांधलेल्या सहभोजनाचाच प्रकार आहे. अंगतपंगतीत डबा ज्याचा त्याच्यापुढे राहतो, तर येथे तो उघडला की सर्वांचा होतो, एवढाच काय तो फरक.

हळदीकुंकू असताना आणखी एक कार्यक्रम कशासाठी?

चैत्रागौरीचे आणि संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्यापैकी अनेक जणींच्या घरी होते आणि त्याला आम्ही आनंदाने जातो. तरीही त्यात दोन गोष्टी खटकत होत्या. पहिली अशी की यजमानीण दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत उभी असते, सत्तर-ऐंशी जणींना डाळ-पन्हे देते आणि स्वतः शेवटी गार झालेला घास खाते, तर पाहुणी दहा मिनिटांत ओटी घेऊन पुढच्या घरी निघते. गप्पा राहतात त्या राहतातच. ऋतुपंगतीत यजमानीण कोणीच नसते आणि पाहुणीही कोणी नसते. जिने भाजी करून आणली तीही मांडी घालून गरम जेवली पाहिजे, हा आमचा खरा हट्ट आहे.

दुसरी गोष्ट कोणाला बोलवायचे याची. त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

कोण येऊ शकते?

कोणतीही महिला. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित असा प्रश्न आम्ही विचारत नाही. हळदीकुंकवाच्या वेळी नवरा गेलेल्या बाईला वगळण्याची जी रीत आहे, ती अनेक घरांत आजही बोलून न दाखवता पाळली जाते. ज्या काकूंनी हाताला धरून आम्हाला पुरणपोळी लाटायला शिकवली, त्यांनीच दाराबाहेर राहायचे, हे आम्हाला पटत नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, तेव्हा आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. त्यानंतरच्या श्रावणातील पंगतीत हळदीकुंकवाचे तबक दारात न ठेवता आत टेबलावर ठेवले गेले, ज्यांना हवे त्यांनी स्वतः लावून घ्यावे म्हणून. आजतागायत तीच पद्धत आहे.

घरकामाला येणाऱ्या मावशींनाही निमंत्रण असते, मात्र जेवायला, भांडी आवरायला नव्हे. त्यांच्यापैकी एकीने आणलेली कुर्डूची भाजी हा कित्येक जणींसाठी त्या भाजीशी झालेला पहिला परिचय होता. गुजराती, तमिळ, मल्याळी आणि सिंधी मैत्रिणीही येतात. त्यांनी मराठी पदार्थच आणावा अशी अपेक्षा नाही. थंडीतल्या उंधियूच्या पातेल्याचा तळ ते सर्वांपर्यंत फिरायच्या आतच दिसतो.

पंगत वर्षातून किती वेळा आणि केव्हा होते?

सहा वेळा, म्हणजे साधारण दोन महिन्यांतून एकदा. पंचांगात चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर अशी विभागणी आहे. कोकणपट्टीला ती तंतोतंत लागू पडत नाही, हे कोणीही ठाणेकर सांगू शकेल. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने ११ जून ठरवली आहे आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. त्यामुळे पंचांगातील ग्रीष्माचा मोठा भाग आम्ही छत्री घेऊनच काढतो. म्हणून ऋतूंची नावे पंचांगाची घेतली आणि जेवण मंडईवर सोपवले.

वसंतातील पंगत गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या मधल्या एखाद्या रविवारी होते. आंबेडाळ, पन्हे, कच्च्या फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर असा तिचा थाट असतो. ग्रीष्मातील पंगत पावसाच्या तोंडावर, म्हणजे मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात असते. उरलेला हापूस, करवंदे, बदलापूरची जांभळे, ताडगोळे आणि गच्चीत वाळवलेल्या कुरडया-पापड्या त्या दिवशी निघतात. वर्षा ऋतूची पंगत श्रावणात होते आणि ती सर्वांत भरगच्च असते. अळूचे फदफदे, वालाचे बिरडे, हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या, नारळीभात आणि एखाद्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरातून आलेले निनाव हे पक्वान्न, असे सगळे त्या दिवशी एकाच टेबलावर येते.

शरदाची पंगत घटस्थापना ते कोजागरी या काळात, भोंडल्याला जोडून होते. हेमंतातील पंगत आम्ही चंपाषष्ठीच्या आसपास ठेवतो, कारण चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगे होतात आणि कित्येक महिन्यांनी खाल्लेल्या वांग्याची चव काही वेगळीच लागते. शिशिराची पंगत रथसप्तमीच्या आसपास. भोगीच्या भाजीसाठी तीन आठवडे उशीर होतो हे मान्य, पण मकरसंक्रांतीच्या सुमारास प्रत्येकीच्या घरी इतकी धावपळ असते की त्या दिवसांत पंगत जमवण्याचे आमचे दोन प्रयत्न साफ फसले.

तारीख दरवर्षी एवढी मागेपुढे का होते?

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि तो फरक भरून काढण्यासाठी साधारण तीन वर्षांनी एकदा अधिक मास येतो. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला सुरू झाला होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ येत असल्याने श्रावण थेट १३ ऑगस्टला सुरू होतो. पाऊस मात्र अधिक मासासाठी थांबत नाही. अशा वर्षी श्रावणापर्यंत टाकळ्यासारखी रानभाजी निबर होऊन जाते. म्हणून ज्या वर्षी अधिक मास श्रावणाच्या आधी येतो, त्या वर्षी वर्षा ऋतूची पंगत आम्ही जुलैमध्येच, कांदेनवमीच्या सुमारास घेतो. आषाढ शुद्ध नवमीला चातुर्मासापूर्वीचा कांदा पोटभर खाण्याची रीत असल्याने त्या दिवशी कांदाभज्यांची कमतरता पडत नाही, हा अधिकचा लाभ.

वार मात्र नेहमी शनिवार किंवा रविवारच असतो. आमच्यातील निम्म्या जणी सकाळची लोकल पकडून मुंबईत नोकरीला जातात. त्यांच्यासाठी मंगळागौरीचा मंगळवार आणि मार्गशीर्षातला गुरुवार हे दोन्ही कामाचेच वार आहेत.

कोणी काय आणायचे हे कसे ठरते?

पंगतीच्या दहा दिवस आधी एक यादी फिरते. त्यात भाज्या, उसळी-आमट्या, भात, पोळ्या-भाकऱ्या, कोशिंबिरी-चटण्या, गोड आणि पेय असे सात रकाने असतात. पहिल्या वर्षी असे रकाने नव्हते आणि त्याचा परिणाम म्हणून कोजागरीला चौदा गोड पदार्थ व एक दहीभात आला होता. आता गोडाच्या रकान्यात चारच ओळी ठेवलेल्या असतात आणि त्या भरल्या की भरल्या. एकच भाजी दोघींनी आणली तर मात्र अडचण नाही, उलट बरेच. गोडा मसाला घातलेले भरले वांगे आणि आगरी पद्धतीने वाटण लावलेले भरले वांगे शेजारी शेजारी ठेवले की त्यावर होणारी चर्चा जेवणाइतकीच चवदार असते.

यादीत पदार्थाच्या नावापुढे त्यातील मुख्य जिन्नस लिहावेत. दाण्याचे कूट, खोबरे, काजू, दूध, कांदा, लसूण हे असल्यास आवर्जून लिहावे. दाण्याचे कूट आपण इतके सहज घालतो की ते घातले आहे हे सांगायचेच राहून जाते, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी ती गंभीर गोष्ट आहे.

पदार्थ किती प्रमाणात करून आणायचा?

नवीन येणारी प्रत्येक जण पंचवीस जणींना पुरेल इतका पदार्थ आणते आणि अर्धा परत नेते. हिशेब सोपा आहे. एक व्यक्ती एका जेवणात सगळे मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम अन्न खाते. चोवीस जणींना म्हणून दहा-बारा किलो अन्न पुरते आणि ते चोवीस घरांतून येणार असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी अर्धा किलो येते. म्हणजे घरच्या चार माणसांना एका वेळी पुरेल एवढी भाजी केली की काम झाले. प्रत्येकीला दोन चमचे मिळतात, आणि वीस पदार्थांच्या ताटात दोन चमच्यांहून अधिक जागा नसतेच.

भात आणि पोळ्या यांना हा हिशेब लागू नाही. एक किलो तांदळाचा भात या प्रकारच्या जेवणात बारा ते पंधरा जणींना पुरतो, म्हणून दोघींनी एकेक किलोचा करावा. पन्नास पोळ्या एकीवर लादू नयेत. तिघींनी वाटून घ्याव्यात किंवा सरळ जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात. ठाण्यात अशा केंद्रांची कमतरता नाही आणि त्यात कमीपणाही नाही.

मला स्वयंपाकाला वेळ मिळत नाही किंवा तो फारसा येत नाही. मी विकतचे आणले तर चालेल का?

चालेल, पण आधी दुसरा मार्ग पाहावा. शिजवावे लागत नाहीत अशा ऋतूतील पुष्कळ गोष्टी आहेत. सोललेले ताडगोळे, मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी, धुऊन निवडलेली करवंदे, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हुरडा आणि त्यासोबत लसणाची चटणी. आमच्यातील एक मैत्रीण गेली काही वर्षे दर वेळी केवळ फळे आणते. ती मंडईतून स्वतः निवडून आणते आणि अशा बारकाईने चिरून मांडते की यादीत फळांपुढे दुसरे कोणी नाव घालायला धजावत नाही.

विकत आणायचेच असेल तर ते घरगुती पदार्थ करून विकणाऱ्या एखाद्या महिलेकडून किंवा बचत गटाकडून घ्यावे आणि तसे यादीत मोकळेपणाने लिहावे. ‘मी केले’ म्हणून मांडलेली आळूवडी कोणत्या दुकानातली आहे, हे पहिल्याच घासाला सांगणाऱ्या जाणकार आमच्यात किमान तिघी आहेत.

रानभाज्या कोठे मिळतात आणि त्या आणताना कोणती काळजी घ्यावी?

शहापूर, मुरबाड, कसारा या भागांतून आणि येऊरच्या पाड्यांवरून आदिवासी महिला पावसाळ्यात पहाटेच भाज्या घेऊन येतात आणि ठाणे स्टेशनचा परिसर, जांभळी नाका, नौपाड्यातील काही पदपथ येथे बसतात. सकाळी नऊनंतर गेल्यास बहुधा उरलेसुरले मिळते. या भाज्या पिकवलेल्या नसतात. त्या रानात हिंडून, पावसात भिजून गोळा केलेल्या असतात. त्यामुळे दहा रुपयांच्या जुडीसाठी घासाघीस करू नये, असे आम्ही एकमेकींना स्पष्ट सांगतो. उलट ती भाजी कशी निवडायची आणि कशी शिजवायची हे त्यांनाच विचारावे. आमच्या बहुतेक कृती अशाच, पदपथावर उकिडवे बसून मिळालेल्या आहेत.

प्रत्येक भाजीची वेळ ठरलेली असते. शेवळे सर्वांत आधी, पावसाच्या आगेमागे काही आठवडेच मिळतात. पहिल्या सरींनंतर टाकळा, कुर्डू आणि कोवळी फोडशी येते. फोडशीची पांढरी मुळाकडची बाजू ठेवावी, मधला टणक दांडा काढून टाकावा. कंटोली जुलैपासून दिसतात आणि कोवळी असतील तरच घ्यावीत, नाहीतर बिया दाताखाली येतात. भारंगीची पाने कडू असल्याने ती आधी उकडून पाणी पिळून टाकतात आणि मग वालाबरोबर किंवा डाळीबरोबर परततात.

काळजीचा भाग शेवळे, अळू आणि बांबूचे कोंब यांच्याबाबत आहे. शेवळे आणि अळू या एकाच कुळातील वनस्पती असून त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि त्यालाच आपण खाज सुटणे म्हणतो. म्हणून शेवळातील खाजरा भाग काढून टाकून ती भरपूर तेलावर परततात आणि काकडांच्या आंबट रसात किंवा चिंचेत शिजवतात. काकडे म्हणजे शेवळांच्याच शेजारी विकायला ठेवलेली लहान, हिरवी रानफळे. त्यांचा काकडीशी काही संबंध नाही. शेवळे घ्यावीत आणि काकडे विसरावीत, ही नवशिक्यांची हमखास होणारी चूक आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ते कापून पाण्यात भिजवणे, उकळणे आणि ते पाणी फेकून देणे अनिवार्य आहे.

यावरून आमचा एक नियम झाला आहे. शेवळे, बांबूचे कोंब किंवा कोणतीही अनोळखी रानभाजी पंगतीत आणण्यापूर्वी ती स्वतःच्या घरी किमान एकदा करून, खाऊन पाहिलेली असावी. आणि छायाचित्रावरून ओळखून स्वतः रानातून तोडून आणलेली भाजी आम्ही कोणत्याही परिस्थितीत स्वीकारत नाही.

उपवास, कांदा-लसूण आणि पथ्य यांचे काय?

टेबलाच्या एका टोकाला बिनकांदा-लसणाचे पदार्थ ठेवतो आणि त्यांचे डाव त्यांच्याच पातेल्यात राहतात. श्रावणात हे टोक टेबलाच्या मध्यापर्यंत येते. जैन मैत्रिणी चातुर्मासात पालेभाज्याही वर्ज्य करतात, तेव्हा त्यांच्यासाठी कडधान्याची उसळ असेल याकडे यादी करणारीने लक्ष द्यावे. दोन-तीन जणींना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी वेगळे गोड करण्याचा आग्रह करू नये आणि ‘एवढ्याने काय होते’ असेही म्हणू नये.

सामिष पदार्थ चालतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्यावर मतभेदही सर्वांत जास्त झाले. आगरी, कोळी, सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांतील मैत्रिणींचे म्हणणे असे की त्यांच्या ऋतूचे वेळापत्रक मासळीवरच चालते आणि मासळी वगळली तर ऋतूच वगळला. ते खरेच आहे. तडजोड अशी झाली की ग्रीष्म आणि हेमंत या दोन पंगतींना सामिष पदार्थांसाठी स्वतंत्र टेबल, स्वतंत्र पळ्या आणि स्वतंत्र ताटे असतात. बाकीच्या चार पंगती शाकाहारी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने ग्रीष्मात ताज्या मासळीऐवजी सोडे, सुकट आणि सुके बोंबील येतात. सोडे घातलेली शेवळे ज्यांनी खाल्ली आहेत त्या या तडजोडीविषयी फारशी तक्रार करत नाहीत.

अन्न खराब होऊ नये म्हणून काय करावे?

शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठाण्याच्या ऑक्टोबरात हे नियम पुस्तकी राहत नाहीत. एका शरदात ओल्या नारळाचे वाटण लावलेली मटकीची उसळ सकाळी आठला गरम गरम स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून भरली गेली आणि दुपारी एकला उघडली तेव्हा ती फसफसत होती. ती उसळ मीच केली होती, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी जरा पोटतिडकीने देते.

तेव्हापासून वाटण लावलेले पदार्थ निघण्यापूर्वीच्या तासाभरातच करावेत आणि उकळते असताना हॉटपॉटमध्ये भरावेत, असे ठरले आहे. हॉटपॉट नसेल तर पदार्थ लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सभागृहातल्या शेगडीवर पुन्हा उकळी आणावी. भाताची विशेष काळजी घ्यावी. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत आणि भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात तयार होणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आदल्या रात्रीचा भात फोडणी देऊन आणणे म्हणून बंद. दही-ताक, मठ्ठा आणि मसाला दूध बर्फाच्या पेटीतून आणावे. दूध गरम द्यायचे असेल तर ते तेथेच उकळावे.

पंगत कोठे होते? येऊरला किंवा तलावाकाठी का घेत नाही?

बहुतेक वेळा एखाद्या गृहसंकुलाच्या सभागृहात आणि थंडीत गच्चीवर. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठी पंगत मांडण्याची सूचना दरवर्षी येते, पण तेथे वीस पातेली ठेवायला जागा नाही आणि आजींना जमिनीवर बसवणे योग्य नाही. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथे चूल किंवा शेकोटी पेटवता येत नाही, आणि अन्नाचा वास पसरवणे वन्यप्राण्यांच्या दृष्टीनेही बरे नव्हे. पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, हौस असल्यास ती रायगडकडे कोणाच्या तरी वाडीत जाऊन, भांबुर्डीचा पाला मिळेल तेथेच भागवावी. वालाच्या शेंगा, बटाटे आणि मडके यांची भट्टी गच्चीवर लावण्याचा विचार कोणी मनात आणू नये. कुकरमध्ये केलेल्या शेंगांना आम्ही उकडलेल्या शेंगा म्हणतो.

वर्गणी किती?

सभागृहाचे भाडे आणि गॅस यांचा खर्च येणाऱ्यांत सारखा वाटला जातो. पदार्थाचा खर्च जिचा तिने करायचा. काजूची उसळ आणि टाकळ्याची भाजी यांच्या किमतीतील तफावत कोणी मोजत नाही. ज्या दिवशी कोणी मोजू लागेल त्या दिवशी वर्गणीवर केटरर बोलवावा.

ताटे आणि कचऱ्याची व्यवस्था काय असते?

प्रत्येकीने स्वतःचे ताट, वाटी, पेला आणि चमचा आणायचा व घरी जाऊन धुवायचा. प्लॅस्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून आणि एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे त्या आणण्याचा प्रश्नच येत नाही. श्रावणात केळीची पाने किंवा पत्रावळी वापरतो. ओला आणि सुका कचरा तेथेच वेगळा केला जातो. डब्यांच्या झाकणांवर आणि पळ्यांवर नावाची चिकटपट्टी लावावी, कारण एकसारख्या दिसणाऱ्या स्टीलच्या पळ्यांवरून झालेले गैरसमज आजही पूर्ण मिटलेले नाहीत.

जेवणाशिवाय आणखी काय होते?

श्रावणात फुगड्या आणि मंगळागौरीचे खेळ, तेही जेवणाआधी. जेवणानंतर ते खेळण्याचा अनुभव घेऊन झाला आहे. शरदात पाटावर हत्ती काढून भोंडला होतो. सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यावर सोळा दिवस किंवा घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत भोंडला करण्याची रीत आहे. आमच्याकडे एकाच दिवशी सगळ्यांच्या खिरापती येतात आणि झाकलेले डबे हलवून त्या ओळखण्यात पाऊण तास जातो. याशिवाय प्रत्येक पंगतीत दोघी-तिघी आपल्या पदार्थाची कृती सांगतात. ती एका वहीत लिहून घेतली जाते, आणि ‘अंदाजाने मीठ’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठ मैत्रिणींना अंदाज चमच्यांत सांगावा लागतो.

पुरुष आणि मुले येऊ शकतात का?

दहा वर्षांपर्यंतची मुले येऊ शकतात. पुरुषांना पंगतीत बोलवत नाही, परंतु त्यांनी केलेला पदार्थ पाठवण्यास मनाई नाही. गेल्या हेमंतात टेबलावरचे सर्वांत चांगले भरीत एका सेवानिवृत्त गृहस्थांनी निखाऱ्यावर वांगी भाजून केले होते आणि त्यांच्या पत्नीने ते प्रामाणिकपणे कबूल केले.

उरलेल्या अन्नाचे काय करता?

हिशेब जमला तर फारसे उरत नाही. जे उरते ते जेवण संपताच, लगेच डब्यांत वाटून घेतले जाते, म्हणून येताना एक रिकामा डबा जास्त आणावा. दोन तास उघडे राहिलेले अन्न कोणालाही दान म्हणून देत नाही. जे आपण स्वतः रात्री खाणार नाही ते रखवालदाराच्या हातात ठेवू नये.

आमच्या संकुलात अशी पंगत सुरू करायची आहे. सुरुवात कोठून करावी?

आठ-दहा जणींपासून आणि हेमंतापासून करावी. थंडीत अन्न लवकर बिघडत नाही, भाज्या मुबलक व स्वस्त असतात आणि बाजरीची भाकरी, वांगे, मेथी, ओला वाटाणा, तुरीचे दाणे यांतून प्रत्येकीला काही ना काही करता येते. श्रावणातील पंगत पहिली ठेवू नये, कारण उपवास आणि पाऊस हे दोन्ही सांभाळताना नवख्या गटाची तारांबळ उडते. यादीचे काम दर वेळी नव्या जोडीकडे द्यावे. तीन पंगतींनंतरही त्याच दोघी यादी करत, फोन फिरवत आणि सतरंज्या उचलत असतील, तर चौथीची तारीख त्यांना न विचारता इतरांनी ठरवावी आणि त्या दोघींना फक्त ताट घेऊन यायला सांगावे.